भट्टीची आत्मशुद्धी आणि सौभाग्यवतींचे नाक

शुक्रवार, ७ मार्च

अखिलगृहमंडलाधीश्वर, पाकगृहप्रवेशनिषिद्ध, डबाझाकणान्वेषणधुरंधर, सौभाग्यवतींचे एकमेव व अपरिवर्तनीय पती, अर्थात अस्मादिक, स्वहस्ते नमूद करतात की ओव्हन विकायचा ठरला. रविवारी गिऱ्हाईक येणार.

निर्णय सौ.चा. गेल्या वर्षीच्या तापात तिचे घ्राणेंद्रिय हरपले, ते परतलेच नाही. डॉक्टर म्हणाले, "येईल, नाहीतर नाही येणार." केवढी ही विद्वत्ता! तिने आयुष्यभर केक भाजून विकले ते घड्याळाकडे पाहून नव्हे. नाक सांगे तेव्हा दार उघडे. तापानंतरचा पहिलाच केक आत उतू जाऊन जळला, आणि ती ओट्यापाशी उभी असून तिला कळले नाही. "काढून टाका ते धूड," म्हणाली. तेव्हापासून त्या धुडात आम्ही कढया ठेवतो.

शनिवार, ८ मार्च, सकाळी

विकण्यापूर्वी स्वच्छता. माहितीपुस्तिका वाचली — अद्भुत! हे यंत्र स्वतःचे दार स्वतः कुलूपबंद करते, पाचशे अंशांच्या आसपास तापते आणि साचलेल्या पापांची राख करते. असा निग्रह मनुष्यजातीत दुर्मीळ, अस्मादिकांत अनुपलब्ध.

पूर्वतयारी यथासांग. कढया बाहेर — त्यांत एक नॉनस्टिक, तापली असती तर विषारी धूर! तळाचा चंदेरी कागद काढला. जाळ्या न्हाणीघरातल्या टबात भिजत घातल्या. सैल तेलकटपणा ओल्या फडक्याने पुसला. फवाऱ्याचे रसायन सर्वथा वर्ज्य. खिडक्या सताड, पंखा चालू.

"तुला धूर कळायचा नाही. गॅलरीत जाऊन बस."

"आणि तुम्ही?"

"मी या घराचे नाक आहे."

"मला वास येत नाही हे तुमच्या मोज्यांचं नशीब!"

त्याच दिवशी, दुपारी

कुलूप खट्कन लागले. काचेआड काळे थर करडे होऊ लागले. बोलावेसे वाटेना — आम्हांला, बोलावेसे वाटेना! ओट्यापासून दूर, हात मागे बांधून, भव्य काहीतरी घडताना पाहत उभा राहिलो.

तोच गॅलरीतून हाक: "अहो, साखर जळतेय!"

"जळत नाही, शुद्ध होतेय," मी सवयीने म्हणालो. मग ध्यानात आले — वास तिला आला होता!

ती धावत आत. सवयीने हात थेट दाराकडे! मनगट धरले. "थंड झाल्याशिवाय उघडत नाही ते. आणि बाहेर चल, धूर आहे."

"जळकी साखर," ती म्हणाली. "आणि दालचिनी. माझाच केक तो."

गॅलरीत नेऊन बसवली. डोळे मिटून श्वास घेत राहिली. मी श्वास रोखून. बऱ्याच वेळाने म्हणाली, "गेला. आता काहीच नाही." मग, "भास असेल हो. येऊ दे उद्या गिऱ्हाईक."

 

संध्याकाळी ओव्हनचे कुलूप आपसूक उघडले. आत मूठभर राख. ओल्या फडक्याने पुसली.

रविवार, ९ मार्च

गिऱ्हाईक बेल वाजवत होते. सौ. दाराकडे निघाली, माझ्याजवळून जाताना थबकली, नाक मुरडले. "शी! अहो, आधी आंघोळ करा!"

गिऱ्हाईकाला सौ.ने आल्या पावली परत पाठवले. परंतु आंघोळ करावी कुठे? टबात अजून जाळ्या भिजताहेत, आणि केकला लागणार म्हणून सौ. त्यांना हात लावू देत नाही.