लाल पटका बांधून या

अहो,

तुम्ही शेतात पाण्याच्या पाळीवर आणि पुण्याची गाडी थांबायची नाही, म्हणून चुलीपाशी चिठ्ठी ठेवते. शेजारच्या कुंडलिकदादाबरोबर पुण्याच्या दवाखान्यात चालले आहे. काल तुम्हाला तोंडानं सांगवेना.

कपाळावर खपली झाली होती. ती तुम्हाला दिसू नये म्हणून मेण लावून कुंकू मोठं रेखत गेले. काल इंदापूरच्या डॉक्टरांनी कुंकू पुसून पाहिलं. म्हणाले, "आजी, हा कातडीचा कॅन्सर. लगेच कापला तर बऱ्या व्हाल. पण इथं पुन्हा कुंकू लावायचं नाही."

कापायची भीती आहेच. पण त्याहून जास्त भीती ही, की तुम्ही धडधाकट असताना मी मोकळ्या कपाळानं घर सोडतेय. पांडुरंगा, यांना काही होऊ देऊ नको, एवढंच सारखं तोंडात येतं.

भाकरी टोपल्यात आहे. मारुतीच्या देवळात आज कीर्तन आहे, माझ्या जागी तुम्ही बसा. उत्तररंगाला पेंगू नका, मी आल्यावर कथा तुम्ही मला सांगायची आहे.

मी येईन तेव्हा फाट्यावर न्यायला तुम्हीच या. लाल पटका बांधून पुढं उभे राहा. लोकांना आधी तुम्ही दिसा, मग माझं कपाळ.

द्वारका