सात मिनिटांची गल्ली

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एक्क्याऐंशी, मेट्रोच्या नकाशा खात्यातला निवृत्त ड्राफ्ट्समन, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र करीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. जिभेचा मागू नये.

१. राहतं घर व बँकेतली शिल्लक धाकट्या बहिणीला. माझी तिरसट बडबड तिने तीस वर्षं ऐकली.

२. पुतण्याला काहीही नाही. त्याने माझा नकाशा मगांवर, उशांवर आणि पायपुसण्यांवर छापून विकला. "काका, जुन्या डिझाइनवर लोक जीव टाकतात!" जीव कसला, पाय पुसतात. शी! त्यातलं एक पायपुसणं माझ्याकडे आहे, तेवढं त्याला परत करावं.

३. आमच्या साहेबांनी माझ्या नकाशावर स्वतःची सही ठोकली आणि पदक लाटलं. ते वारले. मी माफ केलेलं नाही.

४. कापडावर शाईने काढलेला मूळ नकाशा माझ्या मुलीला. अकरा वर्षं ती माझ्याशी बोललेली नाही.

तिची आई दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती, तेव्हा ती परगावाहून धावत आली. बाजार स्टेशनावर उतरली. तो भाग तिच्या माहितीचा नव्हता. भिंतीवरच्या नकाशात दवाखाना स्टेशन पार दुसऱ्या टोकाला. बापाने काढलेला नकाशा, म्हणून डोळे झाकून विश्वास ठेवला. दोन गाड्या बदलल्या, पन्नास मिनिटं गेली. आई वाट बघून गेली. खरं तर बाजारातून पुलाखालची गल्ली धरली की दवाखाना चालत सात मिनिटांवर.

"बाबा, तुम्हाला ही गल्ली माहीत होती?" तिने विचारलं. मी साहेबांवर ढकलून मोकळा झालो.

ते साफ खोटं होतं. साहेब म्हणाले होते, "ठिपक्यांची पायवाट दाखवा हो, लोकांचे हाल होतील." मीच ती खोडली. माझ्या नकाशात रेघा आडव्या, उभ्या नाहीतर पंचेचाळीस अंशांत तिरक्या; ती त्यात बसेना, नकाशा बेढब दिसे. आणि ऑफिसला रोज त्याच गल्लीतून जायचो! स्वतःची किळस येते. कलम तीन पदकापुरतंच धरावं.

५. नकाशासोबत माझं पेन आणि शाईची बाटली मुलीलाच. तिने ती वाट काढावी, नाहीतर नकाशा टराटरा फाडावा. दोन्हीला माझी संमती आहे.

६. कलम चार, पाच आणि हे, वकीलबाईंनी मी जिवंत असतानाच तिला वाचून दाखवावं. बाळ, मलाही त्याच दवाखान्यात ठेवलंय. नकाशा बघू नकोस. बाजारला उतर आणि पुलाखालून चालत ये.

साक्षीदार:
शेजारच्या खाटेवरचे पोस्टमास्तर (सही)
वॉर्डच्या नर्सबाई (सही)

करून देणार: तुझा बाप (सही)
स्थळ: दवाखाना, पहिला मजला, खिडकीजवळची खाट
दिनांक: १४ मार्च, मंगळवार