पाहुण्यांचं वायफाय

भाऊ, तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली असतील. आज मी तुम्हाला पत्र लिहायला बसले आहे, आणि तेही दोन डब्यांपायी. रेकॉर्डर म्हणतात त्यांना. टीव्हीला जोडले की कार्यक्रम साठवून ठेवता येतात आणि वाटेल तेव्हा पाहता येतात. आमच्या चंद्रपूरच्या घरात एक पुढच्या खोलीत आहे आणि एक मागच्या खोलीत, यांच्या पलंगासमोर. अर्धांगाचा झटका आल्यापासून हे मागच्याच खोलीत असतात. लहानपणी मूल तालुक्यातल्या गावांत मंडईच्या जत्रेतली नाटकं पाहत हिंडलेला माणूस, आता पलंगावरून खिडकी तेवढी दिसते. म्हणून मी पुढच्या डब्यात स्थानिक वाहिनीवरची झाडीपट्टीची नाटकं साठवते. हे दोन डबे तारेशिवाय, वायफायवरून एकमेकांना शोधतात आणि पुढचं नाटक मागे दिसतं, असं विकणाऱ्यानं सांगितलं होतं. दिसेना. मागचा डबा एकच वाक्य दाखवायचा: दुसरा रेकॉर्डर सापडला नाही. मधे एक भिंत, फार तर वीस फुटांचं अंतर. तुम्ही आणि मी मिळून टेलिफोनच्या तारेवरून गडचिरोलीहून मूलपर्यंत सागवानाच्या जंगलातून माणसांचे आवाज पोचवत होतो, आणि या दीडशहाण्यांना शेजारची खोली सापडत नाही! मी संतापले. संतापणं मला किती सोपं जातं, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार.

कंपनीनं माणूस पाठवला. पन्नाशीचा, मूलहून येणारा, पूर्वी तिथल्या राइस मिलमध्ये मोटारी दुरुस्त करत असलेला. बूट बाहेर काढून आला. त्यानं भिंत ठोकून पाहिली, राउटर बंद करून चालू केला, मागचा डबा हलवून पाहिला आणि मग विचारलं, "बाई, दोन्ही डबे एकाच वायफायवर हायेत नं?" मी म्हटलं, "चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात होते मी. मला शिकवता?" तो म्हणाला, "शिकवत नाई बाई, विचारून राह्यलो. रिमोट देता काय जरा?" मी दिला नाही. मागचा डबा बसवला तेव्हा पासवर्डसुद्धा मीच टाकला होता, विकणाऱ्याकडे पाठ करून. परक्या माणसानं आपल्या घरातलं काही वाचावं हे मला कधीच खपलेलं नाही. तो तीनदा आला. दुसऱ्यांदा नवा डबा घेऊन आला, तिसऱ्यांदा नवा राउटर. प्रत्येक वेळी तोच प्रश्न त्यानं हळू आवाजात विचारला आणि प्रत्येक वेळी मी तेच उत्तर चढ्या आवाजात दिलं. तिसऱ्यांदा तो गेल्यावर मी कंपनीला इंग्रजीत तक्रार लिहिली. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी माझ्याकडून घोटून घेतलेलं इंग्रजी ते, त्यात एक शिवी नाही आणि माणूस मात्र उभा चिरला जातो. अकार्यक्षम, उद्धट, वेळ वाया घालवणारा. उद्धट! बूट दाराबाहेर काढून आलेला माणूस.

आठ दिवसांनी मी स्वयंपाकघरात भाजी निवडत होते. मागून यांची हाक आली. डाव्या हातानं रिमोट चालवायला शिकलेत आता, वेळ जात नाही म्हणून डब्याच्या सेटिंगमध्ये शिरले होते. "अवो, इकडं या जरा. इथी 'पाहुणे' लिवलं हाये."

"कुठे?"

"ह्या डब्यात. पुढच्या डब्यात काय लिवलं हाये, 'घर'? मंग मी पाहुणा झालो काय तुमच्या घरात?"

हसत होते. मी हसले नाही. भाऊ, आमच्या राउटरवर दोन वायफाय आहेत. एकाचं नाव घर. दुसऱ्याचं पाहुणे. यांचे पुतणे गावाहून आले की पुढच्या टीव्हीवर आपल्या मोबाइलमधले व्हिडिओ लावत बसायचे. त्याचा मला वैताग आला म्हणून मीच ते दुसरं करून घेतलं. त्यावरून इंटरनेट मिळतं, पण घरातली यंत्रं दिसत नाहीत आणि घरातल्या यंत्रांना त्यावरची दिसत नाहीत. मुद्दाम तसंच केलेलं. डबा बसवला त्या दिवशी विकणाऱ्यापासून घरचा पासवर्ड लपवायचा म्हणून मी मागच्या डब्यात पाहुण्यांचा टाकला होता, आणि त्यावरून पुढचा डबा दिसणार नाही हे डोक्यातच आलं नव्हतं. नवा डबा आला त्यातही तोच. नवा राउटर आला, त्यावर पुन्हा माझी दोन नावं, पुन्हा तेच. मी घरचा पासवर्ड टाकला. दोन डबे एकमेकांना सापडायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागला नाही. नाटक सुरू झालं, तबला वाजला, आणि हे पडद्याकडे बघतच म्हणाले, "त्या मूलवाल्याले काऊन रडवलं मंग?"

माझे कान तापले. तसे ते यापूर्वी एकदाच तापले होते, आणि ते तुम्ही पाहिलं नाही, कारण तेव्हा तुम्ही जंगलात होतात.

गडचिरोलीच्या टेलिफोन ऑफिसात मी नवी होते, पंचवीसची, ऑफिसची चावी माझ्याकडे. तुम्ही माझ्या वडिलांच्या वयाचे लाइनमन. सकाळी मूलची लाइन मुकी झाली. तुम्ही ऑफिससमोरच्या खांबावर चढलात, आपला हातातला फोन तारेला लावलात, मूलच्या ऑफिसशी बोललात आणि खाली उतरून दारात उभे राहिलात. अजून दिसता मला, खाकी शर्टाची वरची गुंडी तुटलेली. "लाइन चांगली हाये बाई. दोष आत हाये. आधी आपली बाजू पाहून घ्या." चार माणसांसमोर म्हणालात. आणि मी म्हणते, "आत मी बसले आहे. आत दोष नसतो. तुम्ही लाइन तपासून या, मूलपर्यंत."  सायकलला कोयता बांधता आणि निघता.

दुपारी मला पाचर दिसली. सकाळच्या तपासणीसाठी लाइन तोडायला मीच ऑफिसातल्या तारांच्या फ्रेमवर अडकवलेली, काढायची राहिलेली, बोटाच्या पेराएवढी. मी ती काढली. थोड्या वेळानं मूलच्या लाइनवर घंटी वाजली. तुम्ही होतात, जंगलातल्या कुठल्याशा खांबावरून. "बाई? तुमचा आवाज येऊन राह्यला. सुरू झाली काय?"

त्या क्षणी 'परत या' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं, "हो, आपोआप सुरू झाली. तुम्ही मूलपर्यंत जाऊन याच. फांद्या तोडून या."

तारेवर वारा ऐकू येत होता. मग तुम्ही म्हणालात, "आपोआप नाई होत बाई." आणि फोन काढलात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आलात, पोटऱ्या काट्यांनी फाटलेल्या. तोवर माझा अहवाल वर गेला होता: लाइनमननं आधी जाण्यास नकार दिला, फांद्या वेळेवर तोडल्या नव्हत्या. मराठीत लिहिला होता, पण चिरायची कला तीच. महिन्याभरात तुमची बदली दूर सिरोंच्याकडे झाली, बायकोमुलं आणि गावचं तळं सोडून. शाळेत सिस्टर सांगायच्या, चूक कबूल केली की छातीवरचं ओझं उतरतं. मी नेहमी कबूल केल्या त्या दुसऱ्यांच्या चुका.

निघायच्या दिवशी तुम्ही ऑफिसमागच्या स्वयंपाकघरात आलात. स्टोव्हवर चहा होता. पळसाच्या पानांत बांधलेले उकडलेले शिंगाडे तुम्ही ओट्यावर ठेवलेत. "आमच्या तळ्यातले हायेत. सोलून खा, टोचतात." मी चहा पुढे केला. तुम्ही उभ्यानंच प्यायलात, कप स्वतः विसळून पालथा ठेवलात आणि म्हणालात, "आधी आपली बाजू पाहावी बाई. मंग जंगलात माणूस धाडावा." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला तुमचा तिरस्कार करता आला असता आणि ही इतकी वर्षं बरी गेली असती. शिंगाडे मी खाल्ले. सगळे. गोड होते.

तर आता हा मूलचा माणूस. मी कंपनीला फोन केला. कळलं की माझ्या तक्रारीवरून त्याची आयडी बंद केली आहे. आयडी बंद म्हणजे त्याला काम मिळणं बंद. तक्रार मागे घ्यायला त्यांनी मोबाइलवर फॉर्म पाठवला. कारण निवडा, चार पर्याय. मी 'समस्या आपोआप सुटली' यावर खूण केली. खूण करताना तुमचा आवाज आला, खोटं सांगत नाही, तरी केली. कंपनीतली मुलगी दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणाली, "मॅडम, या कारणावर त्यांची आयडी उघडत नाही. त्यांच्या तीन व्हिजिट फेल दाखवतात. ग्राहकाची चूक असेल तर शेवटचा पर्याय टाका. शनिवारपर्यंतच टाकता येईल, नंतर केस बंद होते." मी तिच्यावरच ओरडले, ही काय पद्धत झाली म्हणून. पद्धत अगदी बरोबर होती.

आज शनिवार. सकाळपासून दोनदा तो फॉर्म उघडला आणि मिटला. हे आतून विचारतात, "झालं काय?" मी म्हणते, "नेट हळू आहे." ते नाटकाचा आवाज तेवढा वाढवतात.

इथवर लिहून मी उठले आणि शेवटच्या पर्यायावर खूण केली. 'ग्राहकाची चूक.' खाली तपशिलाची जागा होती. तिथे मराठीत लिहिलं: पासवर्ड मी चुकीचा टाकला, तंत्रज्ञानं तीन वेळा विचारलं, मी तीन वेळा उडवून लावलं. मग त्याला फोन लावला. तो म्हणाला, "हो का? बरं झालं बाई, साहेब नाटक पाहून राह्यले नं?" मी माफी मागितली. जमली नाही नीट, मधेच त्याला राउटर कुठे ठेवावा ते सांगू लागले. तो ऐकून घेत होता.

तुमच्यासाठी मात्र असा कुठला फॉर्म नाही, असं मी आतापर्यंत स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. तुमचा मुलगा गडचिरोलीला असतो, त्याचा पत्ता गेली सहा वर्षं माझ्या वहीत आहे. वडिलांना सिरोंच्याला का जावं लागलं हे त्याला कोणी सांगितलं नसेल, आणि सांगू शकणारी मी एकटीच उरले आहे. हे पत्र त्याला पाठवायचं म्हणून काल एक मोठं पाकीट आणलं होतं. आत्ताच पाहिलं, त्यात मीच दोन्ही रेकॉर्डरची माहितीपत्रकं घालून ठेवली आहेत, पत्राला जागाच ठेवलेली नाही.