आर्ची माझ्या कानाकडे बघतो

क्रेल,
३ एप्रिल १९६८

प्रिय मर्डोस,
ग्रिझलचा सप्रेम न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. निदान रविवार दुपारपर्यंत होते. जेवताना, तोंडात मटण भरलेल्या पेस्ट्रीचा घास असतानाच, आमच्या यजमानांनी, म्हणजे आर्चीनं, जाहीर केलं की मे महिन्यात तो आणि तू उत्तरेकडच्या समुद्रकाठच्या मैदानांवर गोल्फ खेळायला जाणार. मला विचारलं नाही, सांगितलं. लग्न झाल्यापासून हा माणूस मोजे कुठे आहेत तेही मला विचारून काढतो, आणि आता एकदम नेअर्न, गॉल्स्पी, ब्रोरा, डॉर्नॉक!

तू माझा थोरला भाऊ. सगळी हयात गाईगुरांच्या डॉक्टरकीत गेली, तेव्हा माणसांशी खोटं बोलायची सवय तुला नसणार असं धरून विचारते. हे काय शिजतंय? शनिवारी त्याच्या दोस्ताबरोबर, फर्गसबरोबर, खेळायला जायचं त्यानं हिवाळ्यापासून सोडलं. मनगट दुखतं म्हणे. मग दुखरं मनगट घेऊन चार मैदानं कशी फिरणार? घरात मोटार असताना तुझ्याकडे आगगाडीनं का येणार? आणि तू घरचा नंबर सोडून नेमका त्याच्या घड्याळांच्या दुकानात फोन का करतोस?

दर बुधवारी तो डंडीला जातो. घड्याळांचे सुटे भाग आणायला म्हणे. मागच्या बुधवारी एका बाईचा फोन आला. आवाज मधाळ. मिस्टर रेनी सुखरूप घरी पोचले का, असं विचारलं. मी कोण बोलतंय विचारताच गडबडून फोन ठेवला. त्याच्या वयाचे पुरुष डंडीहून घरी सुखरूप पोचले की नाही याची काळजी कोणाला असते, तूच सांग.

आणखी एक. आर्ची हल्ली माझ्या डोळ्याला डोळा देत नाही. बोलताना माझ्या कानाकडे बघतो. आई म्हणायची ते आठवतं ना? ज्याच्या पोटात पाप असतं तो माणूस नजर चोरतो.

राहता राहिलं गॉल्स्पी. तिथे चहाचं दुकान कोण चालवतं हे तुलाही ठाऊक आहे. माझ्याआधी ज्या इशबेल कॅटनाकशी त्याचं लग्न जवळजवळ ठरलं होतं, तीच.

उलट टपाली उत्तर दे. गुडघ्याला लोकर बांधत जा.

तुझी, अजून तरी तुझ्यावर विश्वास असलेली,
ग्रिझल

नेअर्न,
९ एप्रिल १९६८

चि. ग्रिझल हिस,
अनेक आशीर्वाद, आणि थोडी अक्कलही पाठवतो आहे, ती घे.

तुझं पत्र म्हणजे पोलिसाची उलटतपासणी. एकेक उत्तर देतो. फर्गस मैदानावर इतकं बोलतो की चेंडूसुद्धा कंटाळून झुडपात लपतो, म्हणून त्याला सोडलं असेल. पेट्रोल महाग आहे, म्हणून आगगाडी. दुकानात फोन करतो, कारण घरी केला तर तू उचलतेस आणि मग माझा गुडघा, माझी लोकर आणि माझं एकटेपण यांवरून सुटका होत नाही.

बेत साधा आहे. आर्ची इथे येणार. एक दिवस नेअर्नला खेळू, वारा अंगावर घेऊ. मग माझ्या गाडीनं वर. गॉल्स्पीचं मैदान बघण्यासारखं आहे, म्हणून ते यादीत. इशबेल नव्हे, तिला आता नातवंडं आहेत. ब्रोराला मैदानात गाईमेंढ्या चरतात, तिथे माझीही ओळखपाळख निघेल. शेवटी डॉर्नॉक. खोल्या सांगून ठेवल्यात. दोन म्हाताऱ्यांना खारा वारा खाऊ दे, बाई. तुझा नवरा सुट्या भागांसाठी डंडीला जातो, तर जातो. घड्याळं गवतात उगवत नाहीत.

संशय हा वाळवीसारखा असतो. वेळीच झाड.

तुझं भलं चिंतणारा,
मर्डो

क्रेल,
१८ एप्रिल १९६८

प्रिय मर्डोस,
न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि होता तो विश्वासही उडाला. तू लिहितोस पेट्रोल महाग. आर्ची म्हणतो मोटारीचा क्लच गेला. खोटं बोलायचं तर दोघांनी आधी ठरवून तरी घ्यावं! आणि बुधवारी दुपारी डंडीची दुकानं बंद असतात. मी तिथे शाळेत शिकवत होते, विसरलास का?

काल मी सहज म्हटलं, मीही येते तुमच्याबरोबर, खेळणार नाही, वाळूत विणत बसेन. त्याचा चेहरा पांढराफटक झाला. माझ्यासाठी चहा ओतत होता, तो कपाबाहेर, थेट टेबलक्लॉथवर ओतला आणि ओततच राहिला. मी ओरडले तेव्हा थांबला. मग म्हणाला की तुला कंटाळा येईल, वारा फार असतो, खोल्या लहान आहेत. इतकी कारणं माणूस एका दमात देतो ती खरी नसतात.

मी गप्प बसणाऱ्यांतली नाही, हे तू जाणतोसच.

ग्रिझल

नेअर्न,
२४ एप्रिल १९६८

चि. ग्रिझल हिस, आशीर्वाद.

गॉल्स्पीला खेळत नाही. वगळलं. झालं समाधान? रस्ता तिथूनच जातो, त्याला माझा इलाज नाही. पण हात जोडून सांगतो, तू येऊ नकोस. कारण विचारू नकोस. तुला दुखावण्यासारखं आर्ची काही करत नाहीये, एवढं माझ्याकडून लिहून घे.

तुझा भाऊ,
मर्डो

क्रेल,
२७ मे १९६८

मर्डो,

आज न. वि. वि. नाही. आधी वाच.

मी आले होते. आर्ची निघाल्यावर दोन दिवसांनी मीही घराला कुलूप लावलं, शेजारणीकडे मांजर सोपवलं आणि इन्व्हर्नेसवरून गाडीनं थेट गॉल्स्पीला उतरले. वाटभर मनात वाक्यं जुळवत होते. इशबेलला काय सुनवायचं, तुला काय सुनवायचं, आणि त्याला तर काहीच न बोलता नुसतं बघायचं.

चहाच्या दुकानात शिरले. इशबेलनं मला लगेच ओळखलं. मी तोंड उघडायच्या आत तिनं मला खुर्चीत बसवलं, लोणी लावलेले स्कोन-पाव पुढे ठेवले आणि विचारलं की आर्चीला हे कधीपासून आहे. मी विचारलं, काय कधीपासून? ती गोंधळली. मग तिनं सांगितलं की आदल्या दिवशी तुम्ही दोघं ब्रोराला जाताना तिथे थांबलात. आर्ची तिच्यासमोर उभा राहिला आणि परक्या बाईला सांगावं तसे त्यानं दोन चहा मागितले, तेही तिच्या खांद्यापलीकडे बघत. तिला वाटलं, इतक्या वर्षांनी हा माणूस तोऱ्यात आहे. राग येऊन ती म्हणाली की आर्ची रेनी, ओळख दाखवलीस तर काही झिजणार नाहीस. तेव्हा तो दचकला, हात चाचपडत पुढे केला आणि म्हणाला की इशबेल, आवाज मात्र तोच आहे गं तुझा. मग तू कप उचलून त्याच्या बोटांत दिलास. लहान मुलाला देतात तसा.

स्कोन तसेच ठेवून मी उठले. खरं सांगू? डॉर्नॉकच्या बसमध्ये बसले तेव्हा मनात आलं, ही इशबेलच भानगड असती तर बरं झालं असतं. तिच्याशी भांडता तरी आलं असतं.

डॉर्नॉकला मैदानाच्या कडेला, कुंपणाबाहेर उभी राहिले. भुरभुर पाऊस होता, डोक्याला रुमाल गुंडाळलेला. तुम्ही शेवटच्या होलपाशी पोचला होतात. तू झेंड्याची काठी होलमध्ये ठकठक आपटत होतास आणि आर्ची मान तिरपी करून तो आवाज ऐकत होता. दुकानात नादुरुस्त घड्याळ कानाशी धरतो ना, अगदी तसा. मग त्यानं चेंडू हळूच ढकलला. तो गेला की होलमध्ये! आर्चीनं टोपी काढून अभिवादन केलं, पण तू होतास त्याच्या उलट्या दिशेला, समुद्राला. तू धावत वळसा घालून त्या बाजूला जाऊन उभा राहिलास. मर्डो, तुझा गुडघा असा असताना तू धावलास.

मी पुढे आले नाही. पहिल्या गाडीनं परतले.

दोन दिवसांनी आर्ची घरी आला. मी हॅडॉक माशाचं सार वाढलं, कसं झालं विचारलं. म्हणाला, झकास. डॉर्नॉकला काय सूर्यास्त होता म्हणाला, पाण्यावर सोनं सांडलं होतं. मी तिथे चिंब भिजले होते, आणि हा मला सूर्यास्त दाखवत होता! माझ्या कानाकडे बघत. मग मला राहवलं नाही. मी म्हटलं की आर्ची, कानाकडेच बघ. नीट बघ. तिथून दिसते ना मी तुला?

त्यानं चमचा खाली ठेवला. म्हणाला की कडेकडेनं दिसतेस, मधोमध काळा डाग आहे, बघायला गेलं की तुझा चेहरा नेमका त्याच्याखाली जातो. डाग सगळ्यांच्याच चेहऱ्यांवर आहे, पण तुझ्यावरचा सोसवत नाही, असं म्हणाला. डंडीच्या डॉक्टरांनी सांगितलंय, कडा राहतील, मधलं गेलं ते गेलं. मधाळ आवाजाची बाई म्हणजे तिथली नर्स. हा बसनं एकटा जातो म्हणून बिचारी धास्तावली होती.

मला का नाही सांगितलंस, विचारलं. म्हणाला की तू दुकानाला कुलूप लावलं असतंस, गोल्फच्या काठ्या विकल्या असत्यास आणि मला पांघरूण घालून शेकोटीपाशी बसवलं असतंस. एकदा ती मैदानं डोळ्यांत भरून घ्यायची होती, निदान कडांत तरी.

यातलं सगळ्यात वाईट काय माहीत आहे? मी अगदी तेच केलं असतं. शेकोटीपाशी खुर्ची कुठे मांडायची तेसुद्धा मनात येऊन गेलं होतं.

तुझ्यावर मी रागावले आहे आणि बरेच दिवस रागावणार आहे. काठी ठकठक करणाऱ्या हातांना मात्र माझा नमस्कार.

ग्रिझल

क्रेल,
१४ जुलै १९६८

प्रिय मेहुण्यास,
आर्चीचा सा. न. वि. वि.

अक्षर तुझ्या बहिणीचं, मजकूर माझा. (शुद्धलेखनही माझंच. ग्रि.) इकडे क्षेम. मनगटी घड्याळं मी सेंट अँड्र्यूजच्या एका ओळखीच्याकडे पाठवतो. भिंतीवरची मोठी घड्याळं अजून बोटांनी आणि कानांनी जमतात. दुकानाला कुलूप लागलेलं नाही. (त्यानं मला गल्ल्यावर बसवलंय. गिऱ्हाइकं वाढलीत.)

संध्याकाळी आम्ही दोघं इथल्या मैदानावर जातो. ग्रिझल माझ्यामागे उभी राहते आणि चेंडू कुठे गेला ते सांगते. तुला सांगतो मर्डो, या बाईच्या जिभेला दयामाया नाही. तू म्हणायचास, सरळ गेला, बहार! ही म्हणते, खडकांत. ही म्हणते, काटेरी झुडपात, आणि मी आत जाणार नाही. काल म्हणाली, तू मारलाच नाहीस, चेंडू आहे तिथेच आहे, नुसती काठी फिरली. (खरं तेच सांगितलं.) पहिल्या आठवड्यात मी चिडून काठी फेकली. ती कुठे पडली तेही हिनंच सांगितलं. पण आता गंमत अशी झालीय की हिनं छान म्हटलं तर ते छानच असतं. काल एकदा म्हणाली. रात्रभर मला त्याचा आनंद पुरला.

सप्टेंबरात मॅक्रिहॅनिशला खेळायला जायचं ठरवतोय. पश्चिमेचा समुद्र आहे, गर्जना मोठी, लाटा ऐकू येतील. आम्ही दोघं आणि तू. खोल्यांचं ग्रिझल बघेल, तुझ्या खोल्यांवर तिचा भरवसा नाही.

आता कामाचं. माझ्या मनात एक किडा वळवळतोय. मे महिन्यात तुझ्याबरोबर त्या सगळ्या मैदानांवर माझा एकही चेंडू हरवला नाही. इथे रोज संध्याकाळी हरवतो. हात तेच, काठ्या त्याच. तेव्हा खरं सांग. ब्रोराला त्या समुद्रालगतच्या होलवर मी मारलेला चेंडू गवतावर सुरेख पडलाय असं तू म्हणालास, मला तिथवर नेलंस, आणि पुढचा फटका मी आयुष्यात कधी मारला नव्हता असा मारला. तो चेंडू माझाच होता का? डॉर्नॉकच्या शेवटच्या होलबद्दल विचारत नाही. ग्रिझल शपथेवर सांगते की तो आत गेला, आणि ती गोल्फच्या बाबतीत खोटं बोलत नाही.

(मर्डो, खरं लिही. त्याला झेपतं. मलाही हे याच उन्हाळ्यात कळलं. ग्रि.)

तुझ्या उत्तराची वाट ऐकत असलेला,
आर्ची

नेअर्न,
२० जुलै १९६८

प्रिय आर्ची,
सप्रेम नमस्कार. हे ग्रिझल वाचून दाखवील आणि एक शब्द गाळणार नाही, म्हणून सरळ लिहितो.

तुझा चेंडू समुद्रात गेला होता. पाण्यात पडलेला मी बघितला. गवतावरचा चेंडू माझ्या खिशातला होता, आणि त्या आठवड्यात माझे खिसे जड का होते ते आता तुझ्या ध्यानात आलं असेल. तुझा हिरमोड होऊ नये एवढंच मनात होतं. चुकलं असेल तर चुकलं. मॅक्रिहॅनिशला रिकाम्या खिशांनी येईन.

पण पुढचा फटका विचारतोस म्हणून सांगतो. तो चेंडू उठला, वाऱ्याच्या पोटात शिरला, चरणाऱ्या गाईंच्या वरून गेला आणि झेंड्यापाशी उतरला. एका गाईनं मान वर करून बघितलं. मी तसा फटका कधी मारला नाही, आता मारणारही नाही.

चेंडू माझा होता, आर्ची. फटका तुझा होता.

दोघांचाही लोभ मला लागतोच, तो कमी करू नये.

मर्डो