दोन दात गेले, डोकं शाबूत

सेलू, ता. ८ फेब्रुवारी १९७७

पाथरी मुक्कामी श्री. दत्तराव मेहुणे यांस भुजंगाचा रामराम. इकडं सर्व खुशाल, एक माझं तोंड सोडून. तुमची कंबर कशी आहे? शेकणं सोडू नका.

परवा सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी देवगाव फाट्याच्या वळणावर मी फटफटीसकट खडीच्या ढिगावर पडलो. (उडालो, असं लोक सांगतील. घसरलो.) फाट्यापलीकडं रुख्मिणीच्या होणाऱ्या सासऱ्यांकडं, तात्यारावांकडं निघालो होतो, आपल्या पोरीच्या सुपारीची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख धरायला. डोक्यावर हैदराबादहून पार्सलनं मागवलेलं हेल्मेट होतं. तालुक्यात हे एकच (दुसरं असल्यास कळवा, खोडून लिहीन). चहावाला लिंबाजी रोज हसायचा, "भुजंगराव, घागर पालथी घालून कुनीकडं चाललाव?" आता हसत नाही. माझी शाळा चौथीपर्यंत, पण ऑइल इंजिनं उघडून उघडून शिकलेला माणूस मी. कवच आणि कवटी यांच्यात किती पोकळी लागते हे मला कोणी सांगायला नको.

नुकसान असं : हनुवटीला सात टाके, जखम पावणेदोन इंच (आरशात पट्टी धरून मोजली, डॉक्टर उगाच दोन म्हणत होते). वरचे समोरचे दोन दात गेले. नाक एक सूत डावीकडं. डोक्याला शून्य! हेल्मेटवर तीन ओरखडे, कवटीवर एकही नाही. डॉक्टर म्हणाले, हे नसतं तर टाके घालायची वेळच आली नसती. हे वाक्य मी त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. तुमची बहीण मात्र येईल त्याला सांगते, "डोकं वाचलं म्हनायलेत, आत काय हाय ते इचारा."

आता अडचण. जबडा सुजला, दात नाहीत, जीभ वळेना. मी पडलो तेवढ्यात तात्यारावांचा भाचा पंडित फाट्यावर एस.टी.तून उतरला. माझं बोबडं बोलणं आणि लटपटते पाय बघून त्यानं त्यांच्या गावात सांगितलं, "व्याही सकाळीच पिऊन पडलाय." काल तात्यारावांचा निरोप आला : पिणाऱ्याच्या घरी सोयरीक करायची न्हाई. अहो, मी चहासुद्धा दिवसातून दोनदाच घेतो! पोरीनं कालपासून धड घास घेतलेला नाही. तुम्ही स्वतः जाऊन सांगा. तुमचा शब्द ते मानतात.

आपला,
भुजंग

ता. क. ते विचारतील, शुद्धीत होता तर पडला कसा? फक्त तुमच्यासाठी लिहितो. सोयऱ्याच्या दारात बोडक्यानं उतरायचं कसं, म्हणून मी पटका बांधून त्यावर हेल्मेट चढवलं होतं. पट्टा हनुवटीखाली पोचेना, मोकळाच सोडला. वळणावर हेल्मेट डोळ्यांवर आलं. खडी मला दिसलीच नाही. हे कुठं बोलू नका.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवलं होतं, परत उघडलं. बोला. पटक्यासकट सगळं सांगा. आणि हेही सांगा, की निघताना रुख्मिणी फटफटीपुढं उभी राहून म्हणाली होती, "दादा, पटका पिशवीत घ्या, पट्टा लावा, मग जावा." मी तिला गप्प केलं. बाप शुद्धीत होता म्हणावं, फक्त पोरीचं ऐकत नव्हता. तात्यारावांना म्हणावं, तुम्ही तिचं ऐकत जा.