हसणं माझं होतं

प्रिय दादा,

ज्या सिनेमापायी तू माझ्याशी बोलणं टाकलंस, तो ऐंशीच्या दशकातला सिनेमा काल पुन्हा थिएटरात लागला. मी नातीला घेऊन गेले. नायिकेला मोकळं हसता येत नव्हतं, म्हणून तिचं हसणं माझ्या आवाजात घेतलं होतं, हे मी नातीला कधी सांगितलंच नव्हतं.

नायक गडबडीत नायिकेच्या वडिलांपुढेच प्रेमाची कबुली देतो, तिथे नायिका खदखदून हसली आणि तिच्यामागोमाग अख्खं थिएटर हसत सुटलं.

नात म्हणाली, "आजी, ही तर तुझ्यासारखीच हसते!"

"माझ्यासारखी कसली? मीच हसतेय."

पठ्ठीनं ते मागच्या रांगेलाही सांगून टाकलं. बाहेर पडताना एक म्हातारे गृहस्थ थांबून म्हणाले, "शेवटच्या आजारपणात आमची ही तुमच्या हसण्यावरच हसायची हो."

माझी मान ताठ झाली, दादा. घराण्याचं नाव घालवलंस, असं तू म्हणाला होतास. अरे, माझं नाव तर पडद्यावर आलंच नव्हतं!

हे पत्र मी टाकणार नाही. रविवारी तिकिटं घेऊन तुझ्या दारात उभी राहीन. मुकाट्यानं चपला घाल आणि चल.

तुझीच,
धाकटी