शोभाकाकूंचा डबा

क्रेगीबर्न,
२१ नोव्हेंबर २०२१

ती. सुचित्राआत्या,

साष्टांग नमस्कार. टपालाचा अजून भरवसा नाही, म्हणून पत्राचा फोटो पाठवते आहे. गुडघा कसा आहे? दुसरा डोस घेतलास ना? इथला लॉकडाऊन उठला. मला तुझ्या बेसनाच्या लाडवांचं प्रमाण हवंय. कशाला, ते सांगते.

घरून काम करता करता मी एक ऑनलाइन कोर्स केला. दुकानदाराला कर्ज झेपेनासं झालं, की कधी कधी बँक लिलावाऐवजी त्यालाच कमी किमतीत दुकान विकू देते आणि उरलेल्या कर्जावर पाणी सोडते. याला शॉर्ट सेल म्हणतात. अशी दुकानं शोधायची कशी, बोली किती लावायची, हे शिकले. व्हिडिओवर बघून एका गाळ्याला ऑफर दिली. बँकेने ती मानली.

प्रत्यक्ष बघायला गेले, तर आत शोभाकाकू.

युनिव्हर्सिटीत शिकत असताना त्यांचा डबा मला घरपोच यायचा. दुकान कधी पाहिलंच नव्हतं, आणि कागदांवर नुसतं कंपनीचं नाव होतं. पहिल्या लॉकडाऊनमध्ये मी आजारी पडले, तेव्हा त्या दारात खिचडी ठेवून गेल्या होत्या. डबा रिकामा परत द्यायचा नाही, ही तुझीच शिकवण. भरायला काही जमलं नाही आणि डबा माझ्याकडेच राहिला.

"काकू, मी ऑफर मागे घेते."

"का गं?"

"तुमच्या अडचणीत मी स्वस्तात घ्यायचं... निदान भाव तरी वाढवते."

"वाढव की! जाईल बँकेच्याच घशात. आणि मागे फिरलीस तर लिलाव, मग उरलेल्या कर्जापायी राहतं घरही जाईल. तुझं मन स्वच्छ राहावं म्हणून मी घर घालवू होय?"

आत्या, मी ऑफर तशीच ठेवली. मला त्यांच्यापेक्षा माझीच काळजी जास्त होती, हे त्यांनी ओळखलं होतं.

शुक्रवारी सह्या आहेत. विकणाऱ्याला गुपचूप काही देणार नाही, असं बँकेला लिहून द्यायचंय. माझी वकील मंजिरी, तिला विचारलं, "लाडू चालतील?"

"मेट, गुपचूप नको देऊस. सगळ्यांसमोर दे. मलाही दे."

निघताना काकू दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "माझा डबा तेवढा आण हं. तो बँकेच्या यादीत नाहीये."

प्रमाण शुक्रवारच्या आत कळव. बेसन मीच भाजणार आहे. करपलं तर पुन्हा भाजीन.

डबा घासून, पालथा घालून बसलेली
तुझी मयूरा